टेबलाभोवती फिरणारा पेला

जर्मनीतल्या आमच्या संशोधन संस्थेत फोन एकच, तळमजल्यावर पोर्टरच्या खोलीत. तिथून हाक आली तेव्हा हातातलं काचेचं भांडं तसंच घेऊन मी खाली धावले. फोनवर मीना होती, मोरूकाकांची मुलगी. मीना लुडविग्सहाफेनजवळच्या खेड्यात जन्मली, तिथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती कायम जर्मनमध्ये देते. बापानं मराठीत विचारायचं, लेकीनं जर्मनमध्ये सांगायचं आणि दोघांनी आपापल्या भाषेत भांडायचं, अशी त्या घराची रीतच होती. त्या सकाळी मात्र ती म्हणाली, "ताई, बाबा गेले." तिच्या तोंडून सबंध मराठी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं... आणि ते हे. पुढचं तिनं जर्मनमध्ये सांगितलं. काका बागेत वाफा खणत होते, खणता खणता खाली बसले, हिल्डेकाकूंना म्हणाले, जरा पाणी दे. काकू पाणी घेऊन आल्या तोवर सगळं संपलं होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. इथल्या वर्तमानपत्रात चौकटीत चार ओळी आल्या: नगरसभेचे माजी सदस्य, रंगरसायनांचे जाणकार, मूळचे भारतातले. आपल्याकडे तर कुणाला पत्ताही नाही की कोकणातल्या एका खेड्यातून आलेला माणूस जर्मनीतल्या एका गावाचा लोकप्रतिनिधी झाला होता आणि प्रांताच्या विधानसभेच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला होता. तो का फिरला, ते सांगण्यासाठी मी हे लिहिते आहे. मी त्यांची भक्त नव्हते. आमचं भांडण होतं, शेवटपर्यंत होतं, आणि ते गेले म्हणून मी माझी बाजू सोडलेली नाही. पण ज्यांच्याशी जीव तोडून भांडावं आणि भांडण झाल्यावर ज्यांच्याच घरी जेवायला बसावं, अशी माणसं आयुष्यात किती भेटतात?

मोरेश्वर आठल्ये हे त्यांचं पूर्ण नाव. गाव देवरुखाकडचं. वडील भिक्षुकी करायचे. थोडी भातशेती, काही माड. पुण्यात रसायनशास्त्र शिकून, मुंबईत एका कापडगिरणीच्या रंगखात्यात नोकरी करून, पन्नाससालच्या आसपास ते कापडाच्या रंगांचं शास्त्र शिकायला ऱ्हाइनकाठी आले. वर्षभरात परतायचं ठरलं होतं. शहर तेव्हा अर्धंअधिक ढिगाऱ्यातच होतं. रस्त्याच्या कडेला घरांच्या नुसत्या भिंती, आणि खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसायचं. शहरात जागा मिळेना, म्हणून ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, द्राक्षमळ्यांना लागून असलेल्या गावात एका विधवा बाईंच्या माळ्यावर त्यांना खोली मिळाली. त्या बाईंची धाकटी मुलगी हिल्डे. तेव्हा वर्षभरात परत का गेले नाहीत, ते वेगळं सांगायला नको.

त्या मुलखात एक रीत आहे. गावच्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे जिथे जेवणही मिळतं आणि वाइनही, तिथे लांब टेबलाशी माणसं बसतात आणि वाइन-सोड्याचा एकच मोठा पेला सगळ्यांत फिरतो. अर्ध्या लिटरचा, जाड काचेचा, हातातून निसटू नये म्हणून अंगभर खळगे पाडलेला. त्याला ते शॉपेन म्हणतात. घोट घ्यायचा आणि शेजाऱ्याकडे सरकवायचा. तुम्ही कुणीही असा, त्या टेबलाशी बसलात की पेला तुमच्यापर्यंत येणार. हिल्डेकाकूंच्या मामांनी मोरूकाकांना पहिल्यांदा तिथे नेलं, पेला हातात आला, आणि आमच्या काकांनी काय करावं? मान मागे टाकली, पेला वीतभर उंच धरला आणि ओठ न लावता वरून वाइन ओतली, घरी तांब्यातून पाणी पितात तशी. त्या रुंद तोंडाच्या पेल्यातली अर्धी वाइन शर्टावर सांडली. पण हसलं कुणी नाही. समोर बसलेला केसलर नावाचा द्राक्षबागायतदार म्हणाला, "का हो, आम्हाला काय खरूज झालीय?"

काकांना धक्काच बसला, कारण त्यांनी ते अगदी उलट कारणानं केलं होतं. आपलं उष्टं दुसऱ्याला पाजू नये, हा त्यांचा शिष्टाचार. आपल्या तोंडचा पेला शेजाऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे त्याचा केवढा अपमान! आणि त्या लोकांच्या लेखी तो न देणं हाच अपमान. उष्ट्याची कल्पनाच ज्यांना नाही त्यांना ती मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये कशी समजावणार? काका घाम पुसत सांगत बसले की मी तुम्हाला माझ्या ओठांपासून वाचवत होतो. केसलरनं सगळं ऐकून घेतलं, पेला पुन्हा भरून आणवला, स्वतः ओठ टेकवून घोट घेतला आणि काकांपुढे धरला. "आल्झो," तो म्हणाला, म्हणजे 'तर मग', "आता तुमची पाळी."

ही गोष्ट सांगताना काका इथे नेहमी थांबायचे. "अगं, वाइनचं काही नाही, ती औषध म्हणून प्यायलो असतो. पण दुसऱ्याच्या तोंडचा पेला... आईच उभी राहिली डोळ्यांपुढे."

"मग?"

"मग काय, प्यायलो. आणि काही झालं नाही गं. वीज नाही पडली, काही नाही. नुसती आंबट लागली."

राजकारणात ते चिखलामुळे आले. ट्रामच्या थांब्यापासून गावापर्यंतचा रस्ता कच्चा होता. कामावर जाणाऱ्या बाया चांगले बूट पिशवीत घेऊन रबरी बुटांत चालायच्या आणि थांब्यावर बूट बदलायच्या. काकांनी नगरसभेच्या प्रत्येक बैठकीला मागच्या बाकावर जाऊन बसायला सुरुवात केली. बोलायची संधी मिळाली की उभे राहायचे आणि त्याच रस्त्याबद्दल त्याच शब्दांत बोलायचे. हिल्डेकाकूंचं म्हणणं असं, की शेवटी नगरसभेतल्या एका पक्षाच्या लोकांना त्यांचा कंटाळा आला आणि गप्प बसवायचा दुसरा उपाय न सुचल्यानं त्यांनी काकांना पक्षातच घेतलं. पुढे निवडणुकीला उभं राहायचं तर नागरिकत्व हवं. भारताचा पासपोर्ट परत करून आले त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढंच काकू सांगतात. स्वतः ते त्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत.

प्रचाराच्या गोष्टी मात्र रंगवून सांगायचे. घरोघर हिंडताना एका म्हातारीनं दार उघडून विचारलं, "तुमचा हत्ती कुठे ठेवलात?" काका गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बाईसाहेब, नगरसभा परवानगी देईना. म्हणून तर निवडणुकीला उभा आहे." म्हातारीनं मत दिलं, शिवाय मुरांब्याची बाटली दिली. काका निवडून आले. रस्ता झाला. मग शाळेचं छप्पर झालं, स्मशानभूमीतला नळ झाला, पावसात आडोसा मिळेल असा ट्रामचा थांबा झाला. प्रत्येक गोष्ट ते मला पाहुण्याला देऊळ दाखवावं तशी दाखवायचे. "हा नळ बघ. सोडून बघ. बघ धार कशी आहे!" स्मशानात उभं राहून मी नळ सोडला आहे, त्यांच्या आग्रहाखातर.

मी इथे आले तोवर ते नगरसभेत चांगले मुरले होते. मी गिरगावातली. वडिलांचा पायानं चालवायचा छोटा छापखाना; संपांची आणि सभांची पत्रकं हाच त्याचा मुख्य धंदा. मी वाचायला शिकले ती ओल्या शाईच्या पत्रकांवर. शिष्यवृत्तीवर कार्ल्सरूहला संशोधनासाठी आले आणि पहिल्याच गणपतीत काकांच्या घरी पोचले. आजूबाजूच्या विद्यापीठांतली सगळी मराठी पोरं त्या दिवशी तिथे जमायची. बेकरीत मिळणाऱ्या सुक्या खोबऱ्याचे मोदक असायचे आणि ते फुटले की काका स्वतःच म्हणायचे, "हं, हे जर्मन मोदक, शिस्तीत फुटतात." आमचा पहिला वाद त्याच दिवशी, आरतीनंतर लगेच झाला.

"काका, तुम्ही गटारं दुरुस्त करत बसलाय. व्यवस्था कोण बदलणार?"

"गटारापेक्षा मोठी व्यवस्था कुठली गं? एक दिवस तुंबू दे, मग बघ."

त्या दिवसापासून मी कॉम्रेडबाई झाले. आमच्या विद्यार्थी गटासाठी मी लिहिलेली पत्रकं ते मागून घ्यायचे, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मत द्यायचे. "झकास आहे. पण तुझ्या पत्रकात सगळे सारखे उभेच असतात. उठा, उभे राहा, पुढे व्हा... जरा बसू दे की कुणाला!" मी चिडायचे. आजही चिडते. माणसं उठल्याशिवाय काही बदलत नाही, हे मी अजून मानते. पण ते हसायचे तेव्हा खांदे हलायचे त्यांचे, आणि त्या हलणाऱ्या खांद्यांपुढे राग टिकवणं अवघड जायचं.

आता मूळ गोष्टीकडे येते. गावाजवळ पुठ्ठ्याचा एक कारखाना होता. तिथे दक्षिण इटलीतून माणसं आणली होती. रेल्वेच्या रुळांपलीकडे लढाईच्या काळातल्या लाकडी बराकी होत्या, त्यांत ती राहत. एकावर एक खाटा, मध्ये एक शेगडी. बायकामुलांना आणायला परवानगी नव्हती, कारण घर असल्याशिवाय कुटुंब आणता येत नाही आणि घर कुणी भाड्यानं देत नाही. अशात नगरसभेनं नव्या इमारती बांधायला घेतल्या, स्वस्त भाड्याच्या. इटालियन मजुरांनीही अर्ज केले. लगेच एक प्रस्ताव तयार झाला. भाषा फार सभ्य होती: हे कामगार तात्पुरते आले आहेत, म्हणून त्यांच्या सोयीसाठीच त्यांना कायमच्या घरांच्या यादीत धरू नये.

पक्षाचे प्रांतातले एक पुढारी रविवारी दुपारी काकांकडे कॉफीला आले. काकूंनी आलुबुखारचा केक केला होता. पाहुणे म्हणाले, हा प्रस्ताव तुम्ही मांडा. तुम्ही स्वतः बाहेरून आलेले. तुमच्या तोंडून आला की त्यात कुणाला आकस दिसणार नाही. आणि केकचा दुसरा तुकडा घेता घेता त्यांनी सांगितलं की लांडटागच्या, म्हणजे प्रांताच्या विधानसभेच्या, पुढच्या निवडणुकीत पक्षाच्या यादीत काकांचं नाव वर असेल. इतकं वर, की निवडून येण्याची काळजी नको.

काकांना विधानसभा हवी होती. गेलेल्या माणसाला कधी काही हवंच नव्हतं असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला खोटी वाटते. त्यांना ती मनापासून हवी होती. शाळा हा प्रांताच्या अखत्यारीतला विषय होता. आज मजूर आलेत, उद्या त्यांची पोरं येतील, त्यांना वर्गात मागे बसवतील, त्यासाठी आतापासून काहीतरी करायला हवं, हे त्यांच्या डोक्यात होतं. तसं त्या काळी दुसऱ्या कुणाच्याच डोक्यात मी पाहिलं नाही. शिवाय देवरुखाच्या भिक्षुकाचा मुलगा जर्मन विधानसभेत बसणार, याचं सुखही होतंच. का नसावं?

मी ऐकलं आणि त्यांच्या बागेत जाऊन उभी राहिले. ते घेवड्याचे वेल काठ्यांना बांधत होते.

"तुम्ही हे मांडणार?"

"ठरवलं नाही अजून."

"ठरवायचं काय त्यात?"

"आल्झो, ऐक. हा नियम आज होईल. मी आत गेलो की दोन-तीन वर्षांत तो मोडता येईल. आणि शाळांचं काम हजारो पोरांचं आहे. एका गावातल्या काही घरांपायी ते सोडू?"

"आत गेलेला माणूस आतलाच होतो, काका."

"तुला सगळं किती सोपं दिसतं गं!"

"आणि तुम्हाला सगळं किती सोयीचं!"

घरातून काकूंची हाक आली, "अहो!" एरवी त्या जर्मनमध्ये बोलत, पण नवऱ्याला हाक हीच, देवरुखाला गेल्या असताना सासूकडून उचललेली. त्यांनी दारात येऊन आम्हा दोघांकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये सुनावलं, की घेवड्याचा काही दोष नाही, तो तुडवू नका. मी जेवायला न थांबता निघाले. पुढे बरेच दिवस गेलेच नाही. ते गप्प होते, प्रस्तावाची बैठक जवळ येत होती, आणि मला खात्री वाटायला लागली होती की ते मांडणार.

मग त्यांचाच फोन आला. "नवी वाइन आलीय. कांद्याचा खारा केक खायला ये, कॉम्रेडबाई. भांडण बरोबर आणलंस तरी चालेल." मी गेले. गास्टहाउसच्या लांब टेबलाशी आम्ही बसलो होतो, काका, मी, केसलर, गावातले आणखी काही जण. संध्याकाळ नुकती कुठे होत होती. पेला फिरत होता. दाराजवळच्या छोट्या टेबलाशी काही इटालियन मजूर बसले होते. त्यांतला साल्वातोरे काकांच्या ओळखीचा. बायकोच्या प्रवासाच्या कागदांबद्दल काहीतरी विचारायला तो आमच्या टेबलापाशी आला आणि टोपी हातात धरून उभ्याउभ्याच बोलायला लागला. तेवढ्यात गास्टहाउसच्या मालकीणबाई त्याची वाइन तिथेच घेऊन आल्या. छोट्या, जाड, टवका उडालेल्या ग्लासात.

काकांनी सहज विचारलं, "त्याला वेगळा ग्लास कशाला? शॉपेन आहे की इथे."

"ते इटालियनांचे ग्लास," बाई म्हणाल्या. त्यांनी मागच्या दाराजवळच्या एका फळीकडे हात केला. तिथे तसलेच ग्लास ओळीनं मांडले होते. "ते वेगळे ठेवतो, वेगळे धुतो. त्यांची काही तक्रार नाही."

बाईंच्या आवाजात दुष्टावा नव्हता. आज स्वयंपाक काय आहे ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी काकांकडे पाहिलं. ते फळीकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. मग ते माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, एकच शब्द म्हणाले: "करवंटी."

ज्यांना कोकण ठाऊक आहे त्यांना पुढे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून कामाला येणाऱ्या माणसांना चहा कपातून देत नसत. त्यांच्यासाठी नारळाची करवंटी असे, पडवीच्या वाशात खोचून ठेवलेली. ज्याची त्यानं काढायची, पुढे धरायची, वरून चहा ओतला जायचा. पिऊन झालं की धुवायची आणि परत खोचायची. काकांच्या घरी हे रोज घडत होतं. त्यांनी ते लहानपणी रोज पाहिलं होतं, म्हणजे जसं वासे पाहतात, कौलं पाहतात, तसं. आणि आता या गास्टहाउसात कितीतरी वर्षं ते येत होते, ती फळी समोर होती, आणि त्यांना ती दिसली नव्हती.

काकांनी शेजारची खुर्ची ओढली. "बस," साल्वातोरेला म्हणाले. तो बसेना. "बस रे." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. काकांनी शॉपेन उचलला, ओठ लावून मोठा घोट घेतला आणि त्याच्या हातात दिला. साल्वातोरेनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पाठमोऱ्या मालकीणबाईंकडे पाहिलं, आणि प्यायला. पेला पुढे सरकवायचा असतो. त्याच्या पुढे केसलर होता... तोच केसलर, ज्यानं काकांना स्वतःच्या तोंडचा पेला दिला होता. केसलरनं पेला हातात घेतला. धरून ठेवला. मग टेबलावर ठेवला, खिशातून पाकीट काढलं, पैसे ठेवले आणि निघून गेला. साल्वातोरे उठायला लागला, तर काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग हात लांब करून केसलरपुढचा पेला उचलला आणि माझ्यापुढे धरला. मी प्यायले. आंबट होती.

बैठक शाळेच्या सभागृहात झाली. मागच्या बाकांवर गावकरी, त्यांत मी. प्रस्ताव मांडायला काकांचं नाव पुकारलं. गास्टहाउसमधल्या त्या संध्याकाळनंतर मी त्यांच्यासाठी विरोधाचे काही मुद्दे कागदावर लिहून दिले होते. भांडवल, शोषण, कामगारांच्या घामाचं मोल. ती घडी त्यांच्या खिशातच राहिली. ते उभे राहिले आणि जसे रस्त्याबद्दल बोलायचे तसे, सपाट आवाजात बोलले. म्हणाले, "माझ्या आईच्या घरात काही माणसांसाठी वेगळं भांडं होतं. माझी आई दुष्ट नव्हती. तीही म्हणायची, त्यांची काही तक्रार नाही. मी इथे आलो तेव्हा या गावानं मला स्वतःच्या तोंडचा पेला दिला. म्हणून आज मी या जागी उभा आहे. मला सांगण्यात आलं की हा प्रस्ताव मी मांडला तर तो कुणाला बोचणार नाही. तो मला बोचतो. मी तो मांडत नाही, आणि माझं मत विरोधात आहे." आणि खाली बसले. एवढंच. मी मागच्या बाकावर मुठी आवळून बसले होते. मला वाटत होतं, अजून बोला, आता तर सुरुवात आहे! ते चष्म्याच्या काचा पुसत होते.

दुसऱ्या कुणीतरी प्रस्ताव मांडला. हात वर झाले. केसलरही नगरसभेत होता. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते. विरोधाचे हात मागितले तेव्हाही ते टेबलावरच होते. अगदी थोडक्यात प्रस्ताव पडला.

विधानसभेच्या यादीत काकांचं नाव आलं नाही. वर नाही, खालीही नाही. पुढच्या वेळी नगरसभेच्या यादीतही त्यांना इतकं तळाला टाकलं की ते निवडून येणं शक्यच नव्हतं, आणि आले नाहीत. त्याच पक्षाचे ते सभासद राहिले, वर्गणी भरत राहिले, सभांना खुर्च्या मांडायला जात राहिले. यावर आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हटलं, ज्यांनी तुम्हाला वापरायचा प्रयत्न केला, मग फेकून दिलं, त्यांच्या खुर्च्या कसल्या मांडता? बाहेर पडा, सगळं छापून जाहीर करा, मी छापते! ते म्हणाले, "मी बाहेर पडलो की पुढच्या वेळी मागच्या बाकावरून कोण उठेल?" मला हे तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. असल्या पक्षांना असल्या भल्या माणसांच्या भलेपणावरच जगता येतं, असं माझं मत आहे. शाळांचं त्यांचं काम राहून गेलं ते गेलंच. इथल्या शाळांतून परदेशी मुलं आज खरोखरच मागे बसतात, आणि ते दिसलं की मला त्या केकच्या दुसऱ्या तुकड्याची आठवण येऊन संताप होतो. हा हिशेब मी त्यांच्या मृत्यूनं मिटवून टाकणार नाही.

अंत्यविधीला केसलर आला होता, काठी टेकत. स्मशानाच्या फाटकाशी तो माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "तुम्ही तिथे होतात. त्या दिवशी मी प्यायलो नाही." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण हातही वर केला नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, हे मोरूकाकांना ठाऊक होतं का? "होतं, होतं. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं मला बोलावून शॉपेन मागवला. अर्धा प्यायला आणि माझ्याकडे सरकवला. बोलला काही नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं..." मी, जिला त्याचा राग होता आणि आहे, मी त्याचा हात धरून त्याला पायऱ्या उतरवल्या.

तिथून निघताना मीना मला म्हणाली, चल, तुला काहीतरी दाखवायचंय. त्या नव्या इमारतींकडे घेऊन गेली. मी तिथे कधी आत गेले नव्हते. साल्वातोरे आता तिथेच राहतो, पहिल्या मजल्यावर, बायको आणि दोन मुलींबरोबर. घंटांच्या बटणांशेजारी नावांच्या पट्ट्या होत्या. मीनानं बोट ठेवलं. कुणी नवं कुटुंब राहायला आलं की रविवारी काका काळ्या शाईची दौत घेऊन यायचे आणि त्यांचं नाव लिहून द्यायचे, असं तिनं सांगितलं. इटालियनांचं लिहायचे म्हणून मग जर्मन कुटुंबंही मागायला लागली, कारण अक्षर सुरेख. रोमन अक्षरं, ठसठशीत. आणि लिहून झालं की, काकांच्याही नकळत असेल, हात सवयीनं परत मागे जायचा आणि सगळ्या नावावरून डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ ओढायचा. देवरुखाच्या शाळेत पाटीवर गिरवून घेतलेली शिरोरेषा. म्यूलरच्या डोक्यावर ती होती, एस्पोझितोच्या डोक्यावर होती. मी एकेक नाव वाचत खाली आले. सगळ्यात खालची पट्टी कोरी करकरीत होती, आणि अक्षर निराळं, वेडंवाकडं.

"हे त्यांचं नाही," मी म्हटलं.

साल्वातोरे तेवढ्यात जिन्यातून खाली आला होता. ते कुटुंब परवाच आलं, तो म्हणाला, हेर आठल्ये गेल्यानंतर. म्हणून मीच लिहिलं. त्या वेड्यावाकड्या नावावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी धरून ओढलेली रेघ होती.

"ही कशाला काढलीस?" मीनानं त्याला विचारलं.

त्याला प्रश्नच कळला नाही. "आमच्या इमारतीत नाव असंच लिहितात," तो म्हणाला.